कथा आपल्या शब्दांत, कविता कवीच्याच शब्दांत

शिंदखेडा तालुक्यातल्या एका शिक्षिकाताईंनी विचारलं आहे: गावच्या वाचनालयात दर शनिवारी संध्याकाळी मी मुलांना आणि मोठ्यांना चांगल्या लघुकथा, जुन्या कविता वाचून दाखवते. पण दहा मिनिटांत मुलं चुळबुळ करतात, मोठे मोबाइल काढतात. पाठ करून सांगू की वाचू? घराघरात अहिराणी आहे, मग अहिराणीत सांगू का? कवितेचा अर्थ आधी सांगायचा की नंतर? आणि सुरुवात कशानं करू?

ताई, तुमच्या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती आधी सांगतो. कथा आणि कविता एकाच पद्धतीनं लोकांपुढे नेता येत नाहीत. कथा सांगायची ती आपल्या शब्दांत, पुस्तक मिटून. कविता म्हणायची ती कवीच्याच शब्दांत, एक अक्षर न हलवता. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. कथा पानावरून जशीच्या तशी वाचतात आणि कवितेची एक ओळ म्हणून झाली की लगेच "म्हणजे कवीला असं म्हणायचंय" असं सुरू करतात. तिथे दोन्ही मरतात.

आधी कथेचं बघू. छापील कथेतली वाक्यं डोळ्यांसाठी लिहिलेली असतात. वाचणारा मागे जाऊन पुन्हा वाचू शकतो, ऐकणाऱ्याला ती सोय नाही. तीन पोटवाक्यांचं वाक्य कानावर पडलं की शेवट येईपर्यंत कर्ता विसरलेला असतो. म्हणून कथा पाठ करू नका. ती दोन-तीनदा शांतपणे वाचा, एक दिवस मध्ये जाऊ द्या, मग पुस्तक न उघडता टप्पे लिहून काढा. टप्पा म्हणजे एक जागा आणि तिथे घडलेली एक गोष्ट. चांगल्या लघुकथेत असे पाच-सहा टप्पे निघतात. दहा-बारा निघाले तर ती कथा सांगण्यासाठी लांब आहे, ती वाचकांसाठीच राहू द्या. मग तेवढे टप्पे धरून ती घरात मोठ्यानं सांगा, भाकरी करता करता, शाळेच्या वाटेवर, कुठेही. तीन-चारदा सांगितली की वाक्यं आपली आपण जमतात, आणि ती तुमच्या तोंडची असतात.

शब्दशः पाठ करायच्या फक्त तीन गोष्टी: पहिलं वाक्य, शेवटचं वाक्य, आणि ज्या संवादावर कथा वळते तो संवाद. पहिलं वाक्य पाठ असलं की घाबरायला होत नाही. शेवटचं पाठ असलं की कथा लांबत नाही. वळणावरचा संवाद लेखकाचा असतो, तो आपण बदलायचा नाही.

आपल्या श्रावणातल्या कहाण्यांनी हे केव्हाच साधलेलं आहे. सुरुवातीला "आटपाट नगर होतं" ठरलेलं, शेवटी "साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण" ठरलेलं, आणि मधला सगळा भाग सांगणारीच्या तोंडचा. तुमच्या गावात अजून कुणी आजी कहाणी सांगत असतील तर त्यांच्या शेजारी बसून ऐका. त्या कुठे थांबतात, कोणतं वाक्य तीनदा म्हणतात, हे वहीत टिपून ठेवा. एवढं शिक्षण कुठल्या कार्यशाळेत मिळत नाही.

आता एक कथा हातात घेऊन दाखवतो. साने गुरुजींची 'श्यामची आई' घ्या. गुरुजी आपल्या अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये 1924 ते 1930 शिक्षक होते, छात्रालयही सांभाळत. हे पुस्तक त्यांनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, आणि त्याची बांधणीच सांगण्याची आहे. श्याम रोज रात्री आपल्या सोबत्यांना आईची एक आठवण सांगतो, म्हणून प्रकरणांनाही 'रात्र' असंच म्हटलं आहे. म्हणजे ही कथा आधीच कुणीतरी कुणाला तरी सांगतो आहे. नव्या सांगणाऱ्याला याहून सोपी सुरुवात मिळणार नाही.

त्यातली पोहायला शिकण्याची आठवण घ्या. टप्पे असे पडतात. गावची मुलं विहिरीत पोहायला जातात, श्याम भीतीनं जात नाही. आई जा म्हणते, तो लपून बसतो. आई शिंपटीनं मारून त्याला पाठवते. विहिरीवरची भीती, मग पाण्यात पडणं, मग पोहणं. आणि शेवटी ज्या आईनं मारलं तिच्याच डोळ्यांत पाणी.

नवा सांगणारा काय करतो? मारण्यावर जोर देतो. हात उगारून दाखवतो, आवाज चढवतो, मुलं हसतात आणि कथा तिथेच संपते. खरी जागा लपण्याची आहे. तिथे थांबा. श्याम अंधारात बसला आहे, बाहेर मुलं हाका मारताहेत, आईची पावलं जवळ येताहेत. आवाज लहान करा, जवळजवळ कुजबुजीपर्यंत आणा. समोरचं प्रत्येक मूल कधी ना कधी असं लपलेलं असतं. ते आपोआप श्याम होतं. मग मार एका वाक्यात सांगा, साध्या आवाजात, आणि गप्प राहा. मनात पाच आकडे मोजा. त्या शांततेत श्रोते जे करतात ते तुम्हाला अभिनयानं करता येणार नाही. विहिरीचा भाग भरभर सांगितला तरी चालतो. तापी, पांझरा, गिरणेच्या काठच्या किंवा मळ्यातल्या विहिरीत उड्या मारणाऱ्या मुलांना पाण्याची भीती समजावून सांगावी लागत नाही. परत घरी आल्यावर मात्र सावकाश व्हा. आईचं बोलणं पुस्तकातलंच ठेवा, तेवढं पाठ करा.

आणि एक करू नका. गुरुजींचं गाव पालगड कोकणात आहे, ते साक्रीत आणू नका. लोकांना जवळचं वाटावं म्हणून कोकणातल्या घराचा वाडा करणं, नारळाच्या झाडाचं निंबाचं झाड करणं, असे प्रकार मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यानं कथा जवळ येत नाही, फक्त खोटी होते. शब्द आपले वापरा, जागा लेखकाची राहू द्या. मुलांना परका प्रदेश आवडतो. एखादा अनोळखी शब्द आलाच तर त्याच वाक्यात पुढे त्याचा उपयोग दाखवा, थांबून अर्थ सांगू नका.

वर्णनाचंही तसंच. पानभर वर्णन असेल तर त्यातली एकच वस्तू उचला. घराचं वर्णन असेल तर कोनाड्यातला दिवा पुरे. ऐकणारा त्या दिव्याभोवती स्वतःचं घर बांधतो.

वेळेचं साधारण गणित असं: सावकाश मराठी सांगताना मिनिटाला शंभर-एकशे दहा शब्द जातात. म्हणजे दोन हजार शब्दांची कथा पूर्ण सांगितली तर वीस मिनिटं. मुलं समोर असतील तर बारा मिनिटांच्या आत संपवा, फक्त मोठे असतील तर पंचवीसपर्यंत चालतं. साठ-सत्तरच्या दशकांत व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांनी महाराष्ट्रभर कथाकथन गाजवलं, तेव्हा लोक तासन्‌तास बसत हे खरं. पण ते स्वतः लेखक होते आणि तिघं आलटूनपालटून सांगत. आपण एकट्यानं तेवढा वेळ मागू नये.

हुंकारा मात्र जरूर मागा. जुन्या सांगणाऱ्यांसमोर एक जण "हूं" म्हणायला बसलेला असे. हे काम दर शनिवारी एका मुलाला द्या, शक्यतो सगळ्यात चळवळ्या मुलाला. "हूं" थंडावला की समजायचं, इथे आपण लांबण लावली आहे. हे माप कधी चुकत नाही, आणि त्या मुलाची चुळबुळही थांबते.

आता भाषा. तुमच्याकडे अहिराणी आहे, मग कथा अहिराणीत सांगू का, तर खुशाल सांगा. कथा आपल्या शब्दांतच सांगायची आहे, आणि तुमच्या गावाचे शब्द अहिराणी आहेत. समोर आजी-आजोबा जास्त असतील तर पूर्ण अहिराणीत सांगा. मुलं जास्त असतील आणि त्यांचं मराठीही पक्कं व्हायला हवं असेल तर निवेदन साध्या मराठीत ठेवा आणि मध्येमध्ये श्रोत्यांशी बोलताना अहिराणीत या. "मंग काय व्हयनं?" एवढं विचारलं की पोरं सरसावून बसतात. पात्रांच्या तोंडी अहिराणी घालताना मात्र जपा. मूळ पात्र पुण्याचं असेल आणि तुम्ही फक्त नोकराला किंवा खेडुताला अहिराणी बोलायला लावलं, तर मुलांच्या मनात आपली बोली म्हणजे हसण्याची बोली असं बसतं. ते नको. अहिराणी बोलायची तर नायकानंही बोलावी, नाहीतर कुणीच नको. नंदुरबारच्या वरच्या अंगाला, जिथे मुलांच्या घरी भिली किंवा पावरी आहे, तिथे मोठ्या वर्गातला एखादा मुलगा जोडीला घ्यावा आणि टप्पा संपला की त्याला त्याच्या बोलीत दोन वाक्यं सांगू द्यावीत. वेळ जास्त लागतो, कथा तुटत नाही.

कवितेकडे येतो. इथे माझा आग्रह जास्त आहे.

बहिणाबाई चौधरी (1880–1951) लिहायला-वाचायला शिकल्या नव्हत्या. जात्यावर, शेतात, काम करता करता त्या रचत गेल्या आणि घरातल्यांनी ते टिपून घेतलं. त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली, आणि 1952 साली, त्या गेल्यानंतर, संग्रह निघाला. म्हणजे या कविता पहिल्यापासून तोंडाच्या आहेत, कागदावर त्या नंतर आल्या. तरी शाळेत आपण त्या शुद्धलेखनासारख्या वाचून घेतो. 'चुल्ह्यावर'चं 'चुलीवर' करतो, 'झाडाले'चं 'झाडाला' करतो. असं एकदा केलं की कविता लंगडते. 'अरे खोप्यामधी खोपा' ही ओळ बोटांवर मोजा: आठ अक्षरं. 'सुगरणीचा चांगला' आठ. 'झोका झाडाले टांगला' आठ. 'जसा तवा चुल्ह्यावर' आठ. जात्याचा फेरा आणि ही आठ अक्षरं एकमेकांना धरून आहेत. 'ले'चा 'ला' केल्यानं अक्षरं तेवढीच राहतील, पण ज्या बाईचा आवाज होता ती निघून जाईल.

आणि कृपा करून ही बोली अहिराणी आहे असं मुलांना सांगू नका. बहिणाबाई जळगावजवळच्या असोद्याच्या, त्यांची बोली लेवा गणबोली. तुमच्या शिंदखेड्याच्या अहिराणीशी तिचं बहिणीबहिणीचं नातं आहे, पण उच्चार वेगळे आहेत. जळगाव, यावल, रावेर भागातली एखादी लेक-सून ओळखीची असेल तर तिच्याकडून चार कविता फोनवर म्हणवून घ्या आणि त्या ऐकून उच्चार बसवा. पुस्तकातून तो येत नाही.

म्हणायची कशी ते एका कडव्यावर दाखवतो:

मन वढाय वढाय
उभ्या पिकातलं ढोर
किती हाकला हाकला
फिरी येतं पिकांवर

दोन ठिकाणी शब्द दोनदा आला आहे. नवशिके दोन्ही वेळा सारखाच म्हणतात. पहिला 'वढाय' सांगितल्यासारखा म्हणा, दुसरा थोडा लांबवून, वैतागून, कारण ते ढोर पुन्हा निघालं आहे. 'हाकला हाकला'ला उलटं करा. पहिला जोरात, दुसरा दमलेला. 'फिरी येतं'च्या आधी अर्धा श्वास थांबा. कापसात शिरलेली गाय ज्यानं हाकलली आहे तो श्रोता तिथेच हसतो. मन चंचल असतं वगैरे सांगायची गरज उरत नाही. कवितेचा अर्थ आधी सांगायचा की नंतर, या प्रश्नाला माझं उत्तर इथे आहे: आधी कधीच नाही. एखादा शब्द अडेल असं वाटलं तर तेवढाच आधी बोलण्यात वापरून ठेवा. नंतरही अर्थ सांगण्याऐवजी तीच कविता पुन्हा म्हणा. दुसऱ्यांदा ऐकताना माणूस स्वतः अर्थ लावतो.

बालकवी तर तुमच्या शेजारचे. 1890 साली धरणगावला जन्म. 1907 मध्ये जळगावला कविसंमेलन भरलं, त्यात या पोरसवदा मुलानं कविता म्हटली आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांनी त्याला 'बालकवी' म्हटलं. ते नाव म्हटलेल्या कवितेनं मिळालेलं आहे, हे मुलांना अवश्य सांगा. 1918 साली जळगावजवळच्या भादली स्टेशनावर रेल्वेखाली ते गेले, वय अठ्ठावीसच्या आत.

त्यांची 'औदुंबर' ही आठ ओळींची कविता मी नव्या सांगणाऱ्यांकडून नेहमी बसवून घेतो. 'ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेउन' इथून ती सुरू होते. आठ मात्रा, पुन्हा आठ मात्रा, मग दहा-अकरा, असा झोका आहे. हा झोका फार आवडून लोक ती पाळण्यासारखी गातात, आणि चित्र पुसलं जातं. नजर कुठून कुठे जाते ते बघा: दोन्ही काठ, मधला झरा, टेकडीकडचं चार घरांचं गाव, शेतमळे, त्यांतून निघालेली पांढरी पायवाट, ती जाते काळ्या डोहाकडे, आणि डोहात पाय टाकून बसलेलं झाड. हिरवं, निळं, पांढरं, मग काळं. आवाजही तसाच उतरत गेला पाहिजे. 'अडवीतिडवी पडे'पर्यंत मोकळा, 'काळ्या डोहाकडे'ला खाली. शेवटच्या ओळीत 'असला' या शब्दावर थोडं टेका, आणि 'औदुंबर' नुसतं ठेवून द्या, खेचू नका. ते झाड म्हणजे योगी का, मृत्यू का, यावर समीक्षकांना लिहू द्या. मुलांना कागद द्या आणि काय दिसलं ते काढायला सांगा. कुणी तापीचा डोह काढेल, कुणी गावाबाहेरचं तळं.

कवितेची भीती घालवायला गाण्यातून शिरणं चांगलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावर म्हटलं जाणारं 'आथानी कैरी तथानी कैरी' गावातल्या प्रत्येक बाईला येतं. भुलाबाईची गाणी मुलींना येतात. कानबाई देवीच्या रात्रीची गाणी तर सगळ्या गल्लीला येतात. आधी ते म्हणू द्या, ताल अंगात आला की त्याच्या पाठोपाठ बहिणाबाई म्हणा. आपण कविता ऐकतो आहोत हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

लघुकथा आणि कविता यांच्या मधली एक चीज लोक विसरले आहेत: दिवाकरांच्या नाट्यछटा. दिवाकर म्हणजे शंकर काशिनाथ गर्गे (1889–1931), त्यांनी इंग्रज कवी ब्राउनिंगची स्वगतं वाचून हा प्रकार मराठीत रुजवला. एकच माणूस बोलतो, समोरचा दिसत नाही, त्याचं बोलणं ऐकू येत नाही, पण ते आपल्याला कळतं. पाच मिनिटांत संपते. ती शब्दशः पाठ करावी लागते आणि न दिसणाऱ्या माणसाला उत्तर द्यायला वेळ सोडावा लागतो. विराम शिकायला याहून चांगला व्यायाम नाही. आठवी-नववीची मुलं हे फार सुंदर करतात.

जागेचं थोडक्यात. चाळीस-पन्नास माणसांपर्यंत माइक घेऊ नका, माइक आला की सांगणं संपून भाषण सुरू होतं. अर्धगोल बसवा, खिडकी तुमच्या पाठीमागे नको. कापूस वेचणीच्या दिवसांत माणसं दमलेली असतात, तेव्हा कथा छोटी ठेवा. वैशाखात वाचनालयाच्या आत बसूच नका, रात्री जेवणं झाल्यावर एखाद्या ओट्यावर जमवा. आणि हिवाळ्यात मळ्यात भरीत पार्टी असते तेव्हाची संधी सोडू नका. पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांवर, वांगी भाजून, सोलून, लाकडी बडगीत कुटून होईपर्यंत सगळे मोकळेच बसलेले असतात. तेवढ्यात एक पूर्ण कथा होते.

कुणीतरी हक्काचंही विचारेल. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. बालकवी, दिवाकर, साने गुरुजी केव्हाच सर्वांचे झाले आहेत. हयात किंवा अलीकडे गेलेल्या लेखकाची कथा वाचनालयाच्या हौशी मंडळात, तिकीट न लावता सांगायला कायद्यात मुभा आहे. तिचं रेकॉर्डिंग करून यूट्यूबवर टाकणं ही वेगळी बाब, त्याला परवानगी लागते. काहीही असो, लेखकाचं नाव आधी आणि शेवटी दोनदा घ्या.

कथा संपल्यावर "यातून काय शिकलो?" हा प्रश्न विचारू नका. शाळेची सवय असते, ती तुम्हाला सोडावी लागेल. संपली की दोन मिनिटं कुणालाच बोलायला लावू नका. बोलायचं असेल तो आपण होऊन बोलतो, आणि बरेचदा स्वतःची एखादी गोष्ट सांगू लागतो. त्याला सांगू द्या, घड्याळ बघू नका. असं सांगणारा पुढच्या शनिवारी हमखास येतो, येताना आणखी एखाद्याला घेऊन येतो.

पहिल्या शनिवारचा बेत मी असा ठेवीन: आजींकडून आखाजीचं एक गाणं, मग बहिणाबाईंची 'मन'मधली चार-पाच कडवी दोनदा, मग श्यामच्या पोहण्याची कथा, आणि जाता जाता 'औदुंबर' एकदाच. सगळं मिळून पस्तीस मिनिटं. नाट्यछटा महिनाभरानं, मुलांच्या तोंडून. पुस्तकं मात्र त्याच दिवशी दाराजवळच्या टेबलावर मांडून ठेवा, ज्याला न्यायची त्याला लगेच नेता येतील.